मुळासकट तेरडा

सुरुवातीलाच सांगून टाकते... भूत, करणी, अंगात येणं, यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता, आणि खरं विचाराल तर आजही नाही. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. चिंचेवर कोण राहतं आणि विहिरीत कोण हाका मारतं हे मुलं मला डोळे मोठे करून सांगायची, आणि मी वर्गच त्या चिंचेखाली भरवायची. या सदरातले अनुभवही मी सकाळच्या चहाबरोबर वाचते आणि बरेचदा हसते. राग मानू नका, स्वभाव आहे. पण माझ्याकडेही एक गोष्ट आहे आणि तिचं काय करायचं हे मला साठ वर्षांत कळलेलं नाही. ज्यांना तिचा त्रास झाला असता ती माणसं आता राहिली नाहीत, म्हणून लिहिते.

गोष्ट साठ-बासष्टच्या सुमाराची. ‘नवी मुंबई’ हे नावसुद्धा तेव्हा जन्माला आलं नव्हतं. माझं सासर सानपाडा. आज जिथे टॉवर आणि पार्किंगवरून भांडणं आहेत, तिथे तेव्हा भातशेती होती, पलीकडे खाऱ्या चिखलाचं खाजण, आणि मग खाडी. भरतीचं पाणी बांधाला येऊन टेकायचं. माझं माहेर ठाण्याचं. आम्हीही आगरीच, पण वडील नगरपालिकेत कारकून, त्यामुळे गाव मी फक्त सुट्टीत पाहिलेलं. आमच्याकडे गौर म्हणजे बाजारातून आणलेलं छापील चित्र. त्याला साडीचा तुकडा नेसवायचा की झालं.

आमचे हे, म्हणजे काशिनाथ (आता ते नाहीत, आणि असतानाही मी नाव घ्यायचे, तेव्हा संकोच नाही), तुर्भ्याकडे नव्यानेच सुरू झालेल्या रंगाच्या कारखान्यात होते. संध्याकाळी घरी यायचे ते कधी निळे, कधी लाल. बोलणं मात्र अगदीच बेताचं. लग्नानंतर पहिले दोन महिने मला वाटायचं, यांना मी आवडलेच नाही.

आमचं लग्न वैशाखातलं. भाद्रपद जवळ आला तशी मी खुशीत होते, कारण नव्या सुनेचा पहिला ओवसा. सुपात पानं, फळं, सुकामेवा भरायचा आणि ते सूप गौरीपुढे ओवाळायचं. ठाण्याहून आईने नवी सुपंसुद्धा पाठवली होती. ती सासूबाईंपुढे ठेवली, तर त्यांनी हातही लावला नाही.

“आपल्याकडं गौर नाय,” त्या म्हणाल्या. “सन खंडलाय.” आणि तांदूळ निवडत राहिल्या.

मला काही कळेना. शेवटी शेजारच्या बायजाकाकींनी विहिरीवर सांगितलं. काशिनाथना एक धाकटी बहीण होती, यमुना. ती सात वर्षांपूर्वी गौरीच्या दिवशीच माहेरी येताना खाडीत बुडाली. ज्या सणाला घरात मृत्यू होतो तो सण बंद पडतो. पुढे कधीतरी त्याच सणाच्या दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली, तरच तो पुन्हा सुरू करता येतो. हे मला माहीत होतं, पण ते आपल्याच घरात असेल असं वाटलं नव्हतं. आणि आमची गाय तर चैत्राशिवाय व्यायला तयार नव्हती.

“आता तुझ्यावर हाय गो,” बायजाकाकी हसून म्हणाल्या. “बरोबर गौरीच्या दिशी बालंत हो म्हंजे झालं.”

मी म्हटलं, “काकी, बाळ काय पंचांग बघून येतं?” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्या दिवसापासून सासूबाईंकडे बघायची माझी नजर बदलली. त्या दु:ख करत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. कामाला वाघ होत्या. फक्त गौरीचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायच्या.

काशिनाथचं तर त्याहून वाईट. दरवर्षी बहिणीला आणायला तेच जायचे. त्या वर्षी मलेरियाने अंथरुणाला खिळले होते म्हणून गेले नाहीत. त्यात त्यांचा काय दोष? पण माणसाला असं सांगून पटतं का! गौरी यायच्या दिवशी गावात घरोघर गाणी सुरू झाली की ते उठून बांधावर एकटे जाऊन बसत, असं मला दिरांकडून कळलं.

कारखान्याला गणपतीची चार दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा मीच म्हटलं, “आपण कुठेतरी जाऊ या ना. तुमचे साहेब नाही का बायकोला घेऊन महाबळेश्वरला जातात.”

“महाबलेश्वर लांब हाय,” ते म्हणाले.

“मग ते तिकडे जाऊ.” मी बांधावरून खाडीच्या तोंडाशी बोट केलं. धुकं नसलं की तिथे घारापुरीचे दोन डोंगर दिसायचे, हिरवेगार, आणि भाद्रपदात त्या हिरव्यावर गुलाबी छटा. “तिथे तुमची मावशी असते ना?”

त्यांनी त्या डोंगरांकडे बघितलं. मग म्हणाले, “यमीला तिथंच दिलेली.”

मला जीभ चावावीशी वाटली. मी म्हटलं, राहू द्या. पण ते म्हणाले, “नाय. कदीतरी जायचंच हाय. तू हायस तर जाईन.” लग्नानंतर त्यांनी मला म्हटलेलं हे पहिलं गोड वाक्य, आणि ते असं निघालं.

गावात चेष्टा सुरू झाली. “फिरायला? बेटावर? काय हरवलंय तिकडं?” नवराबायकोने नुसतं फिरायला जायचं ही कल्पनाच कुणाला माहीत नव्हती. सासूबाईंनी मात्र बहिणीसाठी पोह्यांचं गाठोडं दिलं आणि आत गेल्या.

वाशीगावच्या बंदरावरून पेंढा भरलेला एक मचवा मिळाला. ओहोटीबरोबर निघालो. मी पेंढ्यावर बसून पाय हलवत होते, शाळकरी पोरीसारखी. बेट जवळ आलं तसा डोंगर वर वर चढत गेला. मुंबईहून लाँचने येणारे लोक लेणी बघायला एका बाजूला उतरतात. आम्ही उतरलो दुसऱ्या अंगाला, मोराबंदरात. तुळसामावशी धक्क्यावरच उभी होती. भलीथोरली बाई, हसली की सगळं अंग हसायचं. तिने आम्हाला आतली खोली दिली आणि स्वत: काकांबरोबर ओटीवर पथारी टाकली.

“नवं लगीन हाय,” ती डोळे मिचकावत म्हणाली. “तेरड्याचा रंग तीन दिस. बगून घ्या डोंगर, मग हायच चूल आनि मूल.”

आणि खरंच, काय डोंगर होता तो! मी पुढे काश्मीरही पाहिलं, मुलांनी नेलं, पण तसं काही पाहिलं नाही. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढा तेरडा, नुसता गुलाबी. मध्ये मध्ये कुर्डूचे पांढरे तुरे, चवराची फुलं, आणि कुंपणांवर चढलेली कळलावी, तिला तिथे ‘गौरीचे हात’ म्हणतात. आम्ही दिवसभर हिंडायचो. माणसांनी गच्च भरलेल्या घरात नवऱ्याशी धड बोलायलाही मिळत नसे, आणि इथे हा मुका माणूस मला पक्ष्यांच्या नकला करून दाखवत होता! दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या वेणीत स्वत:च्या हाताने फुलं माळली. वाकडीच माळली, पण मी ती सरळ केली नाहीत.

त्या संध्याकाळी बोंबील साफ करता करता मावशीने मला यमुनाचं सगळं सांगितलं. यमुनाला मावशीच्या पुतण्याला दिलेली. त्याला ना आई ना वडील. तो बोटीवर खलाशी, सहा-सहा महिने परतायचा नाही, म्हणून ती मावशीकडेच राहायची. त्या वर्षी भाऊ आला नाही तर म्हणाली, भाऊ नाय आला म्हणून काय झालं, माझी मी जाईन. लाकडं नेणाऱ्या एका होडीत बसली. बेटाचा वळसा संपतो तिथे वादळी वारा आला आणि होडी उलटली. बाकीच्यांना दुसऱ्या मचव्याने ओढून घेतलं. यमुना सापडली नाही. नंतरही कधी सापडली नाही. नवरा बोटीवरून आला, चार दिवस रडला, आणि परत गेला तो तिकडेच कुठेतरी दुसरं लग्न करून राहिला.

“जाताना लय खुशीत व्हती गो,” मावशी म्हणाली. “आयला भेटायचं, आयला...” आणि थांबली. मग कालवणात मीठ घातलं का नाही ते बघायला उठली.

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. होडी दुपारनंतर, म्हणून सकाळी शेवटचं एकदा डोंगरावर गेलो. माथ्यावरून आमचा किनारा दिसत होता. भाताचा हिरवा पट्टा आणि मिठागरांची चमक.

“यमी हितं येऊन सानपाडा बगायची,” काशिनाथ म्हणाले. “मना दाखवायची, ते बग आपलं घर. घर काय दिसतंय हितनं! पन ती बोलायची, दिसतंय.”

त्यांचा चेहरा बघवेना. विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, “मला जाताना न्यायला फुलं आणा ना.” ते उतारावर गेले आणि थोड्या वेळाने परत आले, तर छातीशी तेरड्याची ही मोठी जुडी. मुळासकट! चिखल गळतोय, आणि जुडी चवराच्या पानाने बांधलेली.

“अहो, फुलं मागितली,” मी म्हटलं, “ही तर मेथीची जुडी आणल्यासारखी आणलीत.”

त्यांनी स्वत:च्या हातांकडे बघितलं. “हातांना तीच सवय,” म्हणाले. “दर वर्साला यमीला मीच उपटून द्यायचो.”

त्यांना हसवायचं म्हणून मी ती जुडी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि नाटकीपणाने म्हटलं, “या गौराबाई! चला आता आमच्या संगती, माहेरी चला.”

झालं, एवढंच. वारा सुटला नाही, अंगावर काटा आला नाही, कावळासुद्धा ओरडला नाही. ते थोडंसं हसले, आणि आम्ही खाली उतरलो.

पण मावशीने अंगणातून ती जुडी बघितली आणि तिच्या हातातली परात खाली आली. “मुलासकट कोनी उपटली? आज गौरी येयाचा दिस हाय, कललं नाय तुमाना?”

मग मला समजलं. त्यांच्याकडे चित्राची गौर नसते. या दिवशी मुळासकट काढलेला आणि तोंडाने आवतण दिलेला तेरडा, तीच गौर. फुलं तोडली असती तर ती नुसती फुलं राहिली असती. मी ठाण्याची शहाणी, आवतणही अगदी मनापासून देऊन बसले होते.

“टाकून देऊ?” मी विचारलं.

“आवतान दिल्यावर टाकतात का कोनी? घरी न्या,” मावशी म्हणाली. “घरात घ्यायची का नाय, ते माजी बहीन ठरवील. आनि तू गो, उंबऱ्यात कोनी इचारीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाय. मागं वलून बगायचं नाय.”

गौर मुक्याने आणायची असते, एवढं मलाही ठाऊक होतं. विश्वास नसला तरी म्हातारीचा मान ठेवावा, म्हणून मी मान डोलावली. मला वाटतं, आयुष्यात एवढा वेळ मी त्यानंतर कधी गप्प बसले नाही.

ठरलेली होडी मोराबंदरात आलीच नाही, म्हणून चालत पलीकडच्या धक्क्यावर गेलो. तिथे एक चहावाला होता. काशिनाथनी दोन चहा सांगितले. त्याने तीन ग्लास भरून फळीवर ठेवले.

“दोनच सांगितले,” काशिनाथ म्हणाले.

“आनि त्या वहिनी?” त्याने आमच्या मागे मान केली. मग चमकून इकडे तिकडे बघितलं. “आता तर उभ्या व्हत्या.”

धक्क्यावर माणसं होती, त्यातल्याच कुणाला तरी तो आमच्याबरोबरची समजला असेल. तिसरा चहा काशिनाथनीच पिऊन टाकला.

आम्हाला मिळाली ती होडी न्हाव्याकडची होती. ती चालवणारा तांडेल म्हातारा, पूर्वी कधी न पाहिलेला. त्याच्या जोडीला शिडाजवळ एक जण होता. मी जुडी सांभाळत आधी चढले आणि बसले. काशिनाथ पाय टाकणार, एवढ्यात तांडेल ओरडला.

“तुमी मागून. पयलं त्या बाईला घ्या. हात द्या तिला. पोटुशी हाय, पाय निसटंल.”

काशिनाथनी माझ्याकडे बघितलं. मी जोरजोरात मान हलवली. मी काही पोटुशी नव्हते, आणि मी तर होडीत बसले होते.

“ह्या नाय रं,” तांडेल वैतागून म्हणाला. “त्या. तुमच्या मागच्या.”

मागे वळायचं नाही हे मला सांगितलेलं होतं, त्यांना नाही. ते वळले. मी होडीतून समोरच बघत होते, मलाही दिसत होतं. धक्क्याच्या पायऱ्या, शेवाळ, पाणी. कुणी नव्हतं.

मला वाटलं, आता हे तांडेलाला झापणार. पण त्यांनी काय करावं? धक्का आणि होडी यांच्या मधल्या त्या फटीवर हात पुढे केला. पंजा उघडा, जसा आपण कुणाला आधार द्यायला धरतो तसा. आणि तसेच उभे राहिले. होडी हलत होती, हात हलत नव्हता.

“हां, बसल्या,” तांडेल म्हणाला. “चला, या तुमी.”

मला ओरडून विचारावंसं वाटत होतं, अहो, कोण बसलं? पण तोंड बंद. हा मूर्खपणा सोडून बोलावं, असं दहादा मनात आलं. का बोलले नाही ते मला सांगता येणार नाही. जुडी मांडीवर घट्ट धरून बसले.

वाटेत वारा वाढला तेव्हा तांडेल पुन्हा म्हणाला, “बाईला मधी सरकवा, हितं पानी उडंल.” काशिनाथ त्याच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, “दिसायला कशी हाय?”

“तुमचीच बाई, आनि मना काय इचारता!” म्हातारा भडकला. त्याला वाटलं हे चेष्टा करतात. दारू प्यायलेला होता म्हणाल तर वास नव्हता, आणि होडी त्याने सरळ सुतात आणली. वाशीगावात उतरताना मला म्हणाला, “सांबाळून जा दोगी, बांद निसरडा हाय.”

बांधावरून घरी येईपर्यंत काशिनाथ माझ्या पुढे चालत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी न बघितल्यासारखं केलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ. गावात गौरीची गाणी चालू होती. आमच्या ओटीवर मात्र सासूबाई एकट्या सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी माझ्या हातातली जुडी बघितली, मुळं बघितली, आणि त्यांचा चेहरा दगड झाला.

“ही काय आनलीस?”

मी गप्प. अजून रीतीने विचारलेलं नव्हतं.

“आय, माजी चूक,” काशिनाथ म्हणाले. “मीच उपटली.”

“सन खंडलाय आपला. जा, टाक खाडीत.”

“आय, टाकू नको बोल. आय...” आणि तो जन्माचा अबोल माणूस एका दमात सगळं बोलला. चहाचे ग्लास, तांडेल, सगळं. “तो बोलला मागं बाई हाय, पोटुशी हाय, हात दे. मना कोन नाय दिसली आय, पन मी हात दिला.”

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. “काय हाय बोलला?”

“पोटुशी.”

“मावशीनं सांगितलं तुला?”

“काय सांगितलं?”

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मुलगा खोटं बोलतोय का ते आईला कळतं. त्याला काही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्या उठल्या, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि हळदकुंकू घेऊन आल्या, आणि उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या.

“कोन आली?” त्यांनी मला विचारलं.

दिवसभर बंद असलेला माझा आवाज घोगरा निघाला. “गौर आली.”

“कशाच्या पावली आली?”

“सोन्याच्या पावली आली.”

रीत इथे संपते. पण त्यांनी आणखी एक विचारलं, हळू आवाजात. “एकटी आली?”

खरं तेच सांगितलं. “मला नाही माहीत, आई.”

त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं. मग माझ्या शेजारी, जिथे कुणीच नव्हतं, तिथे घातलं. आणि तिथेच पुन्हा एकदा, थोडंसं.

मग तांदळाचं पीठ कालवलं. गौरीची पावलं मुठीने उठवतात. बंद मूठ पिठात बुडवून जमिनीवर टेकवायची आणि वर बोटांनी ठिपके द्यायचे. उंबऱ्यापासून आतपर्यंत त्यांनी पावलं उठवली आणि माझ्याकडे वळल्या. “तुजी मूठ बारीक हाय. तू उठव. तिच्या बाजूबाजूनं.”

मी उठवली. मोठ्या पावलांच्या शेजारून लहान पावलं.

गाणी सोडून बायजाकाकी कुंपणाशी आल्या होत्या. “अगो, काय करतेस? तुमचा सन खंडलाय. घरात जन्म झाल्याबिगर गौर घेत नाय!”

“झालाय,” सासूबाई म्हणाल्या. “माज्या यमीचं लेकरू आज घरात आलंय.”

काशिनाथ अंगणातच खाली बसले. त्यांना तेव्हा कळलं. पाचवा महिना लागेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, म्हणून यमुनाने फक्त मावशीला सांगितलं होतं, आणि मावशीने नारळी पौर्णिमेला येऊन बहिणीच्या कानात घातलं होतं. गौरीला माहेरी येऊन यमुना सगळ्यांना सांगणार होती. सात वर्षं सासूबाईंनी ही गोष्ट नवऱ्यालाही सांगितली नव्हती. का, ते त्या रात्री मला म्हणाल्या. “पोराला एकीचंच ओझं पेलत नव्हतं गो. दोघांचं कसं देऊ?”

गौर तीन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी आईने पाठवलेली सुपं निघाली आणि मी माझा ओवसा केला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वत: खाडीवर जाऊन तेरडा पाण्यात सोडला, शिदोरी सोडली, आणि काशिनाथ सगळ्या गावासमोर मोठमोठ्याने रडले. तिथून आले ते वेगळेच माणूस झाले. इतके बोलू लागले की पुढे पुढे मी त्यांना गप्प बसा म्हणायची.

आता मास्तरणीचं डोकं. मी काय काय तपासलं सांगते. मावशीला शपथ घालून विचारलं. तिने कुणालाही, काकांनाही सांगितलं नव्हतं. चहावाला आणि तांडेल एकमेकांना ओळखत असतील, ठीक. काशिनाथचं तोंड बहिणीसारखं असेल, म्हाताऱ्याला जुनी कुठली बाई आठवली असेल, तेही धरून चालू. पण पाचवा जेमतेम लागत असलेली, नऊवारी लुगड्यातली बाई पोटुशी आहे हे तिच्या शेजारणींना कळलं नव्हतं, ते सात वर्षांनंतर रिकाम्या धक्क्यावर परक्या माणसाला कसं दिसलं? माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा. मला ते पटावं अशी माझी खरोखर इच्छा आहे.

आमच्याकडे गौर आजही तेरड्याचीच येते, फ्लॅटमध्ये, लिफ्टने. लहान पावलं घरातली सगळ्यात धाकटी पोर उठवते. का, ते तिला कुणी सांगत नाही. तशी रीत आहे म्हणतो.

आणखी एक राहिलं. पुढच्या वर्षी काशिनाथ मुद्दाम न्हाव्याला जाऊन त्या तांडेलाला शोधून आले. म्हाताऱ्याने त्यांना लगेच ओळखलं. हे काही विचारणार, त्याच्या आत त्यानेच विचारलं.

“काय रं, त्या बाईचं काय झालं? सुटली का नीट?”

काशिनाथ म्हणाले, “हां. सुखरूप हाय. माहेरीच हाय.”